सर्वांत खालचे तोंड

नदी पात्र सोडून गावात शिरू लागली, की सगळ्यांचे डोळे ती ज्या वाटेने येताना दिसते त्या वाटेकडे लागतात. घाटाच्या किती पायऱ्या बुडाल्या, पुलाच्या कमानीला पाणी टेकले की नाही, पेठेतल्या कोणत्या दुकानाच्या उंबऱ्याशी ते येऊन थांबले, याची चर्चा पारापारावर होते आणि त्या चर्चेवरूनच माणसे आपले धान्य, आपली जनावरे आणि आपली मुलेबाळे केव्हा हलवावयाची याचा अदमास बांधतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेले हे शहाणपण आहे. परंतु गेल्या काही दशकांत आपल्या घरांच्या पोटात एक नवी वाट तयार झाली आहे आणि तिच्याकडे पाहण्याची सवय आपल्याला अद्याप लागलेली नाही. संडासाचे भांडे, त्याखालचा ट्रॅप, अंगणातले चेंबर, सेप्टिक टाकी किंवा भुयारी गटार, आणि या सर्वांतील वायू बाहेर सोडणारी ती उभी नळी, जिला गवंडी ‘गॅस पाइप’ म्हणतात आणि अभियंते ‘व्हेंट पाइप’ म्हणतात, ही सारी मिळून एक अखंड पोकळी होते. आणि पुराचे पाणी त्या पोकळीच्या कोणत्याही एका तोंडापर्यंत पोहोचले, की दारे-खिडक्या कितीही घट्ट लावलेल्या असोत, त्याला घरात यावयास वाट मिळालेली असते.

या नळीचे तोंड किती उंचीवर असावे, हा प्रश्न कोणाला क्षुल्लक वाटेल. तो क्षुल्लक नाही, असे मला दाखवावयाचे आहे. आजवर ही उंची शेजाऱ्याच्या नाकावरून ठरत आली. यापुढे नदीकाठच्या आणि खाडीकाठच्या वस्त्यांत तरी ती पुराच्या रेषेवरून ठरली पाहिजे, आणि ती ठरवण्याचे काम एकेका घरमालकाच्या मर्जीवर न सोडता सार्वजनिक कारभाराने आपल्या शिरावर घेतले पाहिजे, हे माझे प्रतिपादन आहे.

नळीचे प्रयोजन समजून घेतल्याखेरीज तिच्याविषयी कोणतीही तजवीज करणे धोक्याचे आहे. मैल्याच्या टाकीत आणि गटारात सेंद्रिय द्रव्ये कुजत असताना मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू अखंड निर्माण होत असतात. त्यांपैकी पहिला स्फोटक आणि दुसरा विषारी. आणि दुसऱ्याचा विशेष घातकपणा असा की, त्याचे प्रमाण वाढले म्हणजे तो माणसाची घ्राणशक्तीच बधिर करून टाकतो, त्यामुळे धोका सर्वांत मोठा असतो तेव्हाच त्याची चाहूल लागेनाशी होते. हे वायू घरात येऊ नयेत म्हणून भांड्याखालच्या नळीला बाक देऊन त्या बाकात थोडे पाणी सदैव साचून राहील अशी योजना केलेली असते. अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ साली आपल्या शौचकूपासाठी अशा बाकदार नळीचे पेटंट घेतले. त्याला अडीचशे वर्षे लोटली तरी जगातील बहुतेक घरांचे संरक्षण आजही त्याच मूठभर पाण्यावर अवलंबून आहे. हा जलबंध सामान्यतः ५० मिलिमीटर उंचीचा असतो. कमी पाण्यात चालणाऱ्या ग्रामीण भांड्यांत तर तो अवघा २० मिलिमीटर ठेवलेला असतो. ५० मिलिमीटर पाण्याचा दाब म्हणजे वातावरणाच्या दाबाचा सुमारे दोनशेवा अंश. नळीतील हवेचा दाब एवढ्या अल्प प्रमाणात वाढला, तरी जलबंध उसळून वर येतो. तेवढाच कमी झाला, तर तो शोषला जाऊन नाहीसा होतो. हा तोल सांभाळण्याचे काम व्हेंट पाइप करतो. गटारालाही श्वास घ्यावा लागतो, आणि तो श्वास कोंडला तर त्याचा त्रास गटाराला होत नाही, वर राहणाऱ्या माणसाला होतो.

या श्वासाचे तोंड कोठे ठेवावे, याचा इतिहासही बोधप्रद आहे. १८५८ सालच्या उन्हाळ्यात टेम्स नदीच्या दुर्गंधीने लंडनची पार्लमेंटसुद्धा हैराण झाली आणि त्यानंतर जोसेफ बॅझलगेट या अभियंत्याच्या देखरेखीखाली त्या शहराची भव्य भुयारी गटारे बांधली गेली, हे सर्वश्रुत आहे. त्या काळात गटारांतील वायू रस्त्याच्या पातळीवरच्या जाळ्यांतून बाहेर सोडण्याची रीत होती. पादचाऱ्यांनी आणि आसपासच्या रहिवाशांनी तक्रारींचा वर्षाव केला, तेव्हा ती तोंडे उचलून ओतीव लोखंडाच्या उंच खांबांवर नेण्यात आली, आणि त्यांपैकी कित्येक खांब लंडनच्या रस्त्यांवर आजही उभे आहेत. म्हणजे नळी उंच झाली ती वासामुळे. आपल्याकडचा नियमही त्याच तर्काने चालतो. सेप्टिक टाक्यांविषयीचे भारतीय मानक क्रमांक २४७० सांगते की, टाकी जवळच्या इमारतीपासून किमान १५ मीटर दूर असेल तर व्हेंट पाइप सुमारे २ मीटर उंच असावा, आणि ती याहून जवळ असेल तर तो इमारतीच्या माथ्याहून २ मीटर वर न्यावा. नळीच्या तोंडाला डास जाऊ नयेत अशी जाळी असावी, हेही त्यात आहे. आणि आपल्या आरोग्यखात्याचे कर्मचारी गावोगावी फिरून ‘गॅस पाइपला जाळी बांधा’ असे जे सांगत असतात ते योग्यच आहे, कारण हत्तीरोगाचा प्रसार करणारा क्युलेक्स डास अशा टाक्यांतील घाण पाण्यावर वाढतो. वासाचा विचार झाला, डासाचाही झाला; पुराचा मात्र राहून गेला.

राहून गेला, असे म्हणताना नियमकर्त्यांवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. पूरप्रवण किंवा दलदलीच्या जागी सेप्टिक टाकी बांधूच नये, असे त्याच मानकात म्हटले आहे. कागदावर हे उत्तर निर्दोष आहे. परंतु कृष्णा, पंचगंगा, वारणा, वाशिष्ठी, सावित्री या नद्यांच्या काठची आपली गावे नियम होण्यापूर्वी कित्येक शतके तेथे वसलेली आहेत. घाट, देवळे, बाजारपेठा आणि काळ्या मातीच्या शेतजमिनी यांनी त्यांना त्या काठाशी बांधून ठेवलेले आहे. तेथे माणसे राहतात, तेव्हा तेथे संडास असणार. आणि गेल्या दोन-अडीच दशकांत संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियानाने आणि पुढे स्वच्छ भारत अभियानाने घरोघरी संडास उभे केले, ही आपल्या सार्वजनिक जीवनातील अभिमानाची गोष्ट आहे. ‘येथे बांधू नका’ असे म्हणणारा नियम ज्या दिवशी तेथे बांधकाम झाले त्या दिवशीच मुका होतो; त्यानंतर, बांधलेच आहे तर कसे बांधावे, हे सांगणारा दुसरा नियम लागतो, आणि त्याची उणीव आज आहे.

आता प्रत्यक्ष उंचीचा हिशेब पाहू. सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची पातळी ४५ फूट धरलेली आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेथे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ साली आणि पुन्हा २०२१ साली पाणी तेथे ५५ फुटांच्या पलीकडे पोहोचले. ज्या अंगणाला धोक्याच्या पातळीवर पाण्याचा पहिला स्पर्श होतो, त्या अंगणात अशा पुराच्या वेळी सुमारे बारा फूट पाणी उभे राहते. मानकाने सुचवलेली दोन मीटरांची, म्हणजे साडेसहा फुटांची नळी त्या पाण्यात पाच फुटांहून अधिक खोल बुडते. घराला लागून असलेल्या टाकीची नळी छपराच्या वर न्यावी असा नियम आहे खरा, पण प्रत्यक्षात काय घडते ते कोणत्याही नदीकाठच्या आळीतून हिंडताना दिसते. बाजारात पीव्हीसीची नळी दहा फुटी मिळते. तिचा फूट-दीड फूट भाग टाकीच्या झाकणात आणि सिमेंटात जातो, उरलेली तशीच उभी राहते, तिला भिंतीवर एखादी क्लिप ठोकलेली असते, टोकाला आरोग्यसेविकेने सांगितल्यावरून मच्छरदाणीचा तुकडा सुतळीने गुंडाळलेला असतो. आणि त्याच भिंतीवर, त्या सुतळीच्या गाठीहून दोन हात वर, गेल्या पुराच्या गाळाची तांबूस रेघ रंगाच्या दोन हातांतूनही उमटलेली असते. नळीची उंची आणि पुराची रेघ एकाच भिंतीवर शेजारी शेजारी असून त्यांची गाठ घालून देणारे कोणी नसते, ही आपल्या नियोजनातील उणीव त्या भिंतीवर स्पष्ट वाचता येते.

एवढ्याशा तोंडातून असे कितीसे पाणी जाणार, असे कोणी म्हणेल, तर जलशास्त्राचा साधा नियम लावून पाहावा. चार इंची, म्हणजे सुमारे १०० मिलिमीटर व्यासाच्या नळीचे तोंड पाण्याखाली केवळ अर्धा मीटर गेले आणि खाली पाण्याला भुयारी गटारात मोकळी वाट मिळाली, तर त्या तोंडातून सेकंदाला सुमारे १५ लिटर पाणी आत जाते. माणशी रोज १३५ लिटर पाणीपुरवठा आणि त्याचा चार-पंचमांश भाग सांडपाणी, हे अभियांत्रिकीतील रूढ प्रमाण धरले, तर पाच माणसांच्या कुटुंबाचे दिवसभराचे सांडपाणी जेवढे होते तेवढे पुराचे पाणी ही एक नळी पाऊण मिनिटाच्या आत गटारात ओतते. आणि चोवीस तासांत ती जवळजवळ तेरा लाख लिटर, म्हणजे सुमारे बारा हजार माणसांच्या सांडपाण्याइतका भार त्यावर टाकते. लहान वस्तीचे भुयारी गटार सरासरी प्रवाहाच्या तिप्पट भार वाहील अशा बेताने आखलेले असते. अशा चार-सहा नळ्या बुडाल्या, की त्या वस्तीचे सारे आडाखे संपले. गटार भरते, पंपांवर त्यांच्या शक्तीबाहेरचा भार येतो, आणि पुराच्या हद्दीपासून पुष्कळ दूर, कोरड्या आळीत राहणाऱ्या माणसाच्या मोरीतून आणि नहाणी ट्रॅपमधून काळे पाणी वर येऊ लागते. त्याच्या दारात पूर आलेला नसतो. खालच्या आळीतील कोणाच्या तरी नळीतून तो त्याच्याकडे पाठवला गेलेला असतो.

हा मुद्दा या सर्व प्रश्नाच्या मुळाशी आहे. घराची भिंत, घराचे छप्पर, घराचा उंबरा हे ज्याचे त्याचे असतात. पण गटाराला जोडलेली नळी ज्याची त्याची राहत नाही. शंभर घरांनी आपापली तोंडे पूररेषेच्या वर नेली आणि एकाने नेली नाही, तर त्या शंभरांचे संरक्षण त्या एकाच्या उंचीइतकेच उरते. जोडलेल्या व्यवस्थेची सुरक्षितता तिच्या सर्वांत खालच्या तोंडावर मोजावी लागते. सरासरी काढून ती मोजता येत नाही, आणि श्रीमंतांच्या उंच इमारतींकडे बोट दाखवून तर मुळीच नाही. म्हणूनच हा विषय खाजगी दुरुस्तीचा न राहता सार्वजनिक आरोग्याचा होतो.

यावर पहिला आक्षेप सहज सुचण्यासारखा आहे. पाणी येऊ लागले की नळीच्या तोंडात बोळा कोंबावा किंवा टोपण बसवावे आणि पूर ओसरला की काढावे. मग उंची वाढवण्याचा खटाटोप कशाला? ज्या घरातील सर्व माणसे स्थलांतरित झाली आहेत आणि ज्याची टाकी केवळ त्याच घराची आहे, तेथे असा तात्पुरता उपाय वाईट नाही. परंतु सामान्य नियम म्हणून तो घातक आहे. पुराचे पाणी चेंबरच्या फटीतून आणि जमिनीतून टाकीत शिरू लागते तेव्हा आतील हवेला बाहेर पडण्यासाठी त्याच नळीची गरज असते. ती बुजवलेली असेल, तर कोंडलेली हवा सर्वांत दुबळ्या जागेवर, म्हणजे त्या दोन इंची जलबंधावर जोर करते आणि मैल्याचा वायू थेट घरात उसळतो. दुसरे असे की, पुराच्या धांदलीत बसवलेले टोपण पूर ओसरल्यावर काढण्याचे कोणाला स्मरत नाही. मग महिनोन्‌महिने वायू आत साचत राहतो आणि एके दिवशी टाकी उपसावयास आलेला मजूर झाकण उघडतो तेव्हा त्याच्या प्राणाशी गाठ पडते. हाताने मैला वाहण्याच्या आणि संरक्षणाविना गटारात माणूस उतरवण्याच्या प्रथेला २०१३ च्या कायद्याने मनाई केलेली असूनही गटारांत आणि टाक्यांत गुदमरून माणसे मरत आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे गटाराचा श्वास कोंडणारा कोणताही उपाय आपण किती सावधपणे सुचवला पाहिजे हे कळते. नळी बंद करण्यात हित नाही. ती उंच करण्यात आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जेथे बारा फूट पाणी उभे आहे तेथे घर, चूल, अंथरूण, सारेच बुडाले. मग एका नळीचे तोंड वर राहिले काय आणि खाली राहिले काय? याचे पहिले उत्तर असे की, पूर सर्वत्र सारखा खोल नसतो. ऐन नदीकाठी जे होते ते होते. परंतु पूरक्षेत्राच्या कडेला अशी असंख्य घरे असतात की, ज्यांची जोती उंच आहेत, ज्यांत पाणी शिरत नाही, पण ज्यांच्या अंगणातील टाकी आणि नळी बुडते. तेथे नळीच्या उंचीवर त्या कुटुंबाचा स्वयंपाक, आजाऱ्याची खाट आणि लेकराची झोप अवलंबून असते. दुसरे उत्तर पुराच्या नंतरच्या दिवसांशी निगडित आहे. नदीचे पाणी ओसरते, पण टाकीत शिरून मैल्याशी एकजीव झालेले पाणी ओसरताना तो मैला विहिरीत, कूपनलिकेत आणि नदीत सोडून जाते, आणि पुरात जे वाचले त्यांना पुढच्या काही आठवड्यांत हगवण, कावीळ, विषमज्वर गाठतात. २०१९ साली कोल्हापुरात उपसा केंद्रे बुडून चोहोकडे पाणी असताना नळ कोरडे पडले, तेव्हा पिण्याच्या पाण्याची किंमत काय असते हे त्या शहराला कळून चुकले.

तिसरे उत्तर श्रद्धेच्या क्षेत्रातून देतो. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंहवाडीला पुराचे पाणी दत्तमंदिरात उत्तरद्वारातून शिरून पादुकांवरून वाहते आणि दक्षिणद्वारातून बाहेर पडते, तेव्हा त्या पाण्यात स्नान करण्यासाठी भाविक गर्दी करतात. दक्षिणद्वाराचा हा सोहळा म्हणजे पुराला शत्रू न मानता अतिथी मानणाऱ्या एका जुन्या संस्कृतीची साक्ष आहे. त्या पाण्यात कोणाच्याही टाकीतला मैला मिसळलेला नसावा, ही इच्छा ज्या भाविकाच्या मनात नाही असा भाविक विरळा. परंतु ती इच्छा सफल व्हावयाची असेल, तर वरच्या अंगाच्या गावांतील टाक्यांची आणि नळ्यांची तोंडे पुराच्या वर असली पाहिजेत. तीर्थाचे पावित्र्य राखण्याचा खटाटोप पुष्कळ मैल वरच्या एखाद्या अंगणात, एखाद्या गवंड्याच्या हातून सुरू होतो.

मैल्याच्या गटारात पुराचे पाणी गेले तरी काही बिघडत नाही, या भ्रमाचे दुसरे रूप मुंबईत दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या शहरात पावसाचे पाणी आणि मैला एकाच गटारातून न्यावेत की निरनिराळ्या, याविषयी अभियंत्यांत मोठा वाद झाला आणि शेवटी दोन्ही व्यवस्था वेगळ्या ठेवण्याचे धोरण रुजले. पर्जन्यवाहिन्या पुष्कळशा तासाला २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून बांधलेल्या. आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या प्रलयाची चौकशी माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली आणि पर्जन्यवाहिन्या रुंद करण्याच्या कामाला त्यानंतर गती आली. परंतु रस्त्यात पाणी तुंबले, की मैल्याच्या गटाराचे झाकण उघडून ते पाणी त्यात सोडावे, ही वहिवाट अजून पुरती मोडलेली नाही. तिच्यामुळे मैल्याचे गटार क्षमतेबाहेर भरते आणि सखल भागात उलटते, हा एक अनर्थ. आणि पाण्याखाली दडलेले उघडे तोंड चालणाऱ्या माणसाला गिळते, हा दुसरा. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात घरी चालत निघालेले एक नामांकित डॉक्टर एका उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले, तेव्हा सारे शहर हळहळले. पुढे न्यायालयात हा प्रश्न गेला आणि झाकणांखाली लोखंडी जाळ्या बसवण्याचे काम सुरू झाले. जाळीने माणूस वाचेल, आणि ती अवश्य हवी. परंतु मैल्याचे गटार ही पुराला सोडण्याची जागा नव्हे, ही समजूत रुजल्यावाचून मूळ चूक सुटणार नाही. बुडालेल्या व्हेंट पाइपमधून जे अभावितपणे घडते, तेच उघड्या झाकणातून हेतुपुरस्सर घडवले जाते, एवढाच दोहोंत भेद.

तिसरा आक्षेप खर्चाचा. गरिबाने मोठ्या कष्टाने संडास बांधला. त्याच्यावर आणखी बोजा का? आक्षेपामागची कणव मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. आणखी एक-दोन दहा फुटी नळ्या, दोन जोड आणि भिंतीवर घट्ट बसवलेल्या चार क्लिपा यांचा खर्च संडासाच्या एकूण खर्चाच्या मानाने अल्प असतो, आणि तो अनुदानाच्या रकमेत प्रथमपासून धरला, तर गरिबाच्या खिशाला त्याची झळही लागत नाही. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीमुक्तीचा ध्यास घेऊन सोप्या, स्वस्त संडासांचे प्रयोग केले, तेव्हा मैल्याचा प्रश्न हा माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे आणि तंत्र जितके साधे तितकी त्यामागची नैतिक जबाबदारी मोठी, हे त्यांनी स्वतःच्या श्रमांनी दाखवून दिले. त्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राने संडासांची संख्या मोजून थांबणे त्या वारशाला शोभणारे नाही. पहिल्या पुरात उलटणारा संडास बांधून देणे म्हणजे गरिबाला अर्धेच देणे होय, आणि ते अर्धेही त्याच्या घरात रोग होऊन परत येते.

तेव्हा करावे काय? घरापुरते बोलायचे तर, व्हेंट पाइप घराच्या भिंतीला पक्का बांधून पूररेषेच्या वर न्यावा, आणि जेथे ते शक्य नाही तेथे नळीच्या माथ्यावर पाण्याबरोबर वर उचलली जाऊन तोंड बंद करणारी तरंगती गोळी असलेली झडप बसवावी. मात्र गाळाने अशी गोळी चिकटून बसते, म्हणून दर वर्षी मृगापूर्वी ती उघडून धुतली पाहिजे, हे विसरता कामा नये. टाकीची झाकणे रबराच्या पट्टीने जलरोधक करावीत. भुयारी गटाराला जोडलेल्या घराने आपल्या जोडणीवर एकेरी झडप बसवावी. पूर येणार म्हणून घाईने टाकी रिकामी करू नये, कारण भिजलेल्या जमिनीत रिकामी टाकी, विशेषतः प्लास्टिकची, खालच्या पाण्याच्या दाबाने उचलली जाऊन नळ्या मोडते. भरलेली टाकी आपल्या वजनाने जागेवर राहते. आणि पाणी ओसरले तरी जमीन निथरेपर्यंत टाकी उपसू नये.

शहरापुरते बोलायचे तर, पूरक्षेत्रातील मॅनहोलची झाकणे जलरोधक करून त्या गटारांसाठी स्वतंत्र, उंच व्हेंट खांब उभारले पाहिजेत. झाकणे बंद करावयाची आणि श्वासाची दुसरी सोय करावयाची नाही, असे अर्धवट काम करू नये. उपसा केंद्रांतील विजेची पॅनेले पूररेषेच्या वर असावीत, कारण पंप थांबला की त्यामागचे सारे गटार आपोआप उलटते.

परंतु या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट कारभाराची आहे. आपल्या राज्यात जलसंपदा खाते नद्यांच्या दोन पूररेषा आखते: सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र, दोन रेषांच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र, आणि त्या मधल्या पट्ट्यात बांधकामास परवानगी द्यावयाची तर जोते पुराच्या वर उचलण्याची अट, अशी ही व्यवस्था आहे. म्हणजे जोत्याला जो न्याय आपण लावला तो नळीला लावण्यासाठी नवे शास्त्र शोधावयाचे नाही, नवे खातेही काढावयाचे नाही. बांधकामाची मंजुरी देताना नकाशावर जोत्याच्या पातळीशेजारी व्हेंट पाइपच्या तोंडाची पातळी लिहून घ्यावी आणि ती लाल रेषेच्या वर असल्याखेरीज भोगवट्याचा दाखला देऊ नये. नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि नगरपालिकेने आपल्या हद्दीतील खालच्या तोंडांची एक नोंदवही ठेवावी. आणि पावसाळ्यापूर्वी नालेसफाईची पाहणी होते तशी या तोंडांचीही पाहणी व्हावी. आरोग्यसेवक जाळी पाहण्यासाठी नळीपाशी जातोच. त्याच्या हाती पूररेषेची खूण आणि एक मोजपट्टी दिली, तर तेवढ्याच फेरीत दुसरे कामही होईल. जुन्या घरांच्या नळ्या उंच करण्याचा खर्च शासनाने उचलावा, कारण त्या नळ्यांतून जाणारे पाणी केवळ त्या घरांना बुडवत नाही.

पूर आपल्या हातात नाही. घाटमाथ्यावर किती पाऊस पडेल आणि धरणांतून किती पाणी सोडावे लागेल, हे आळीतल्या माणसाच्या इच्छेने ठरत नाही. परंतु आपण जमिनीखाली जी पोकळी निर्माण केली आहे तिचे प्रत्येक तोंड आपण स्वतः ठेवलेले आहे, आणि ते किती उंच असावे हे ठरवणे सर्वस्वी आपल्या हाती आहे. निसर्गाच्या कोपाला आणि आपल्या गैरहिशेबाला एकाच नावाने हाक मारण्याची सवय सोडली, तर पुराच्या हानीतील पुष्कळसा भाग टाळता येण्यासारखा आहे हे दिसून येईल. आणि जे टाळता येते ते न टाळणे याला दैव म्हणण्याचा अधिकार कोणत्याही कारभाराला नाही. पुढच्या पावसाळ्यापूर्वी नदीकाठच्या प्रत्येक गावाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा की, आपल्या गावातले सर्वांत खालचे तोंड कोणते आणि ते कोणाच्या घरी आहे. त्याचे उत्तर मिळाले, म्हणजे ते उचलून देण्याची जबाबदारी त्या एका घराची नसून आपल्या सर्वांची आहे, हे समजावयास फार वेळ लागू नये.